फडताळातले बिऱ्हाड

फडताळाचे दार उघडण्याआधी मी त्याला कान लावला, म्हणूनच पुढचे सगळे घडले. मंद विस्तवावर ठेवलेले पाणी उकळायच्या बेतात आले की भांड्यातून जसा आवाज येतो, तसा आवाज आतून येत होता. तीन वर्षे बंद असलेल्या घरात शिरताना उंदीर, वटवाघळे, वाळवी या सगळ्यांची मनाने तयारी ठेवली होती. उकळत्या पाण्याची ठेवली नव्हती. दार बोटभर किलकिले केले, टॉर्चचा उजेड आत सोडला आणि तत्काळ लावून टाकले. वरच्या फळीपासून खाली लोंबणारे, दाट तपकिरी, जिवंत असे काहीतरी आत होते, आणि उजेड पडताच ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थरथरत गेले व ‘स्स्स’ असा एकच दीर्घ उच्चार करून थांबले.

आमचे हे घर वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात आहे. पुढल्या दारी खळे, त्यापुढे माडांची बाग, मग सुरूची रांग आणि समुद्र. मागल्या दारी विहीर, भाताचा मळा आणि त्यापलीकडे काजूने भरलेली डोंगरी. फडताळ माजघराच्या मागच्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीत आहे. चिऱ्याची भिंत दीड हात जाड असल्याने ते चांगले खोल आहे, आणि त्याच्या मधल्या फळ्या वाळवीने खाऊन पडल्यामुळे आत एक सलग अंधारी पोकळी तयार झाली होती. बाहेरून पाहिले तर तळाशी दोन चिऱ्यांच्या सांध्यातली माती निघून गेलेली, आणि तेवढ्या करंगळीएवढ्या भोकातून माश्यांची ये-जा चाललेली. शेजारच्या काकांनी भोक पाहिले, आवाज ऐकला आणि उत्साहाने सांगितले, “राती धूर देवया आणि म्हव काढून घेवया.” त्यांचा हेतू चांगला होता. परंतु त्या ‘स्स्स’ने मला असे काही विचारले होते की त्याचे उत्तर मधाच्या बरणीत मिळाले नसते. मी चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. नकाशावरून सगळे जग मुलांना दाखवले आणि स्वतः एकही गोष्ट पुरेसा वेळ पाहिली नाही, ही टोचणी निवृत्तीच्या दिवशी मी बरोबर घेऊनच घरी आले होते. मी काकांना नको म्हटले आणि सुताराला बोलावले.

या माश्या सातेरी होत्या. आपल्याकडे आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर एकेकच पोळे टांगतात. सातेरीला मात्र अंधार लागतो, झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतली पोकळी असे काहीतरी, आणि त्या अंधारात ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. तिला सातपुडी म्हणतात ते त्यामुळेच. आमच्या फडताळात पुडे आठ होते, पण नावाला हरकत घेण्याइतका तो फरक नाही. बागायतदार हल्ली परागीकरणासाठी पेट्या आणून ठेवतात, त्यांत पुष्कळदा परदेशातून आणलेली, आकाराने मोठी, मेलिफेरा जातीची माशी असते. सातेरी तिच्याहून लहान, मध कमी देणारी, आणि काही मनासारखे झाले नाही की घर सोडून जाणारी म्हणून पाळणाऱ्यांत थोडी बदनाम. या शेवटच्या गुणाची मला तेव्हा काही कल्पना नव्हती.

सुताराने दाराच्या आतल्या बाजूला काच बसवण्याचे काम रात्री केले. मधमाश्यांना लाल रंग दिसत नाही, एवढे माझे वाचन होते, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळला आणि त्या उजेडात आम्ही दोघांनी श्वास रोखून काच चौकटीत सरकवली. एकच चूक झाली, ती माझीच. पोळ्यांच्या कडा आणि काच यांच्यात मी चांगले तीन बोटे अंतर सोडायला सांगितले. त्यांना मोकळे वाटावे, हा विचार. माश्यांना मोकळे आवडत नाही. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५१ साली हे ओळखले होते, की माश्या आपल्या घरात जाण्या-येण्यापुरती, साधारण साडेनऊ मिलिमीटरची वाट मोकळी ठेवतात; जागा त्याहून जास्त असली की तिथे पोळे बांधतात. चौकटी उचलून काढता येतील अशी आजची मधपेटी याच एका निरीक्षणावर उभी आहे. सातेरीची वाट त्याहून थोडी अरुंद असते. माझी तीन बोटे तिच्या लेखी ओसाड पडलेला प्लॉट होता आणि पंधरा दिवसांत तो वसला. डाव्या कडेचे पोळे पुस्तकाचे पान दुमडावे तसे वळून काचेला समांतर झाले. ती चूक झाली नसती तर मला पुढे जे सर्वांत चांगले दिसले, ते दिसलेच नसते.

कारण बाकीची सात पोळी काचेशी काटकोनात होती. मला त्यांची फक्त कड दिसे आणि दोन पोळ्यांमधली अरुंद गल्ली. गल्लीच्या तोंडाशी दहा-वीस माश्या, त्यामागे अंधार, त्या अंधारातून बाहेर येणाऱ्या आणि त्यात शिरणाऱ्या पाठी. सुरुवातीला मला फार चुकल्यासारखे वाटे. चांगले चित्र लावले असेल आणि आपल्याला चौकटच दिसत असेल, तसे. मग फ्रान्स्वा ह्यूबरविषयी वाचले. हा स्विस माणूस तरुणपणीच आंधळा झाला होता, आणि तरीही मधमाश्यांविषयी त्याने १७९२ मध्ये जे लिहून ठेवले ते आजही आदराने वाचले जाते. ब्युर्नां नावाचा त्याचा सेवक पाहत असे आणि ह्यूबर विचारत असे. त्याने पोळ्यांची पाने उलटता येतील अशी, पुस्तकासारखी पेटी करून घेतली होती. त्यानंतर मी गल्ल्यांविषयी तक्रार करणे सोडले आणि रोज सकाळी साडेसातला व दुपारी चारला खुर्ची, वही आणि चहा घेऊन फडताळासमोर बसू लागले.

पहिले दोन महिने मी राणी शोधण्यात घालवले. प्रत्येक जण हेच करतो, असे आता वाटते. नावातच तशी सोय आहे: राणी म्हटली की दरबार आला, हुकूम आला, कोणीतरी सगळे चालवत असणार हा दिलासा आला. सात महिन्यांत ती मला तीनदा दिसली. लांब, गडद, पंख पोटाला अपुरे पडावेत अशी. एकदा ती वळलेल्या पोळ्यावर काचेच्या अगदी जवळ आली आणि मी जवळजवळ वीस मिनिटे तिच्याकडे पाहत होते. ती एका घरात डोके घाली, घर साफ आहे की नाही ते पाही, मग वळून पोट त्यात उतरवी आणि अंडे घालून पुढे सरके. तिच्या भोवती सात-आठ माश्या तिच्याकडे तोंड करून फेर धरून असत. ती पुढे सरकली की मागच्या सुटत आणि पुढे दिसतील त्या नव्या फेर धरत. त्या तिला भरवत, चाटत. त्या चाटण्यातून तिच्या अंगचा गंध तोंडातोंडी सगळ्या घरात पोहोचतो आणि त्यातून घराला एवढेच कळते, की ती आहे. याखेरीज ती काही सांगत नाही. कोणी कुठे जायचे, किती पोळे बांधायचे, कोणते धान्य कुठे भरायचे, यातले काहीही तिच्याकडून येत नाही. आमच्या गावऱ्हाटीत पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून मानकरी कोर्टाची पायरी चढलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे हजारो जणींचे घर मानाशिवाय, कारभाऱ्याशिवाय चालते हे पटायला मला वेळ लागला.

कामे वाटली जातात ती बरीचशी वयाने. कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी फिकट, लवेने भरलेली आणि थोडी गोंधळलेली असते. ती प्रथम घरे साफ करते. मग काही दिवसांनी डोक्यातल्या ग्रंथी तयार होतात आणि ती अळ्यांना भरवणारी दाई होते. त्यानंतर पोटाखालच्या मेणग्रंथी जाग्या होतात. शेवटी, साधारण तीन आठवड्यांची झाली की ती बाहेर पडते आणि उरलेले आयुष्य उडण्यात झिजवते. हे कोष्टक मी वहीत व्यवस्थित लिहून घेतले होते. काचेमागे ते तितके व्यवस्थित नसते. दाया कमी पडल्या तर म्हाताऱ्या पुन्हा दाया होतात, मोहर अचानक फुलला तर लहान वयाच्या लवकर बाहेर पडतात. कोणती उणीव आहे हे त्यांना कळते कसे, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने काचेच्या पेटीत एकाच खूण केलेल्या माशीवर मिळून सुमारे १७७ तास नजर ठेवून शोधले. त्या कष्टाळू म्हणून गाजलेल्या जीवाने त्यातला जवळजवळ चाळीस टक्के वेळ काहीही न करता घालवला होता आणि जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता घरभर हिंडण्यात. हिंडता हिंडता जे काम समोर येईल आणि ज्याचे वय असेल, ते ती करी. वाचल्यावर मीही एका माशीचा माग ठेवायचे ठरवले. तिचा एक पंख किंचित फाटलेला होता, तीच खूण. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी ती दिसली, एका घरात डोकावली, दुसऱ्या माशीच्या अंगावरून चालत गेली, थांबली, स्वतःची मिशी पायाने पुसली, आणि चौथ्या मिनिटाला मला हरवली. लिंडाउअरविषयी माझा आदर तेव्हापासून अपार आहे.

वळलेल्या पोळ्याचा खालचा भाग भोकाच्या जवळ होता. जानेवारीच्या मध्यात डोंगरीवरचा काजू मोहरला आणि त्या भागात नाच सुरू झाले. एक माशी बाहेरून येई, दाटीत घुसे, आणि एका सरळ रेषेत पोट डावी-उजवीकडे झटकत चाले. मग अर्धगोल वळसा घेऊन पुन्हा रेषेच्या आरंभी, पुन्हा झटकत सरळ, पुन्हा दुसऱ्या बाजूने वळसा. तीन-चार जणी तिच्या मागोमाग, मिशा तिच्या अंगाला लावून. प्रेक्षक म्हणावे तर घरात अंधार. त्या नाच पाहत नसतात, चाचपत असतात. या नाचाचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी लावला आणि त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उभ्या पोळ्यावर ‘सरळ वर’ म्हणजे ‘सूर्याच्या दिशेने’. रेषा वरच्या दिशेपासून जेवढ्या कोनात कललेली, तेवढ्या कोनात सूर्यापासून बाजूला अन्न. झटकण्याची सरळ धाव जितकी लांबते, तितके अंतर जास्त. किती वेळ म्हणजे किती अंतर, हे मात्र जातीजातीत वेगळे असते. लिंडाउअर १९५० च्या दशकात श्रीलंकेत येऊन तिथल्या माश्यांचे नाच मोजून गेले, त्यात आपल्या सातेरीचीही जात होती.

भूगोलाच्या शिक्षिकेला यापेक्षा गोड खाऊ कोण देणार? मी काचेवर स्केचपेनने वर्तुळ काढले, अंशांच्या खुणा केल्या आणि नाचाची प्रत्येक रेषा वहीत उतरवू लागले. पहिल्या आठवड्यात सगळा घोटाळा वाटला. सकाळी रेषा जवळजवळ सरळ वर, किंचित डावीकडे झुकलेल्या. दुपारी बाराला पाहावे तर थेट डावीकडे आडव्या. चार-साडेचारला खाली, जमिनीच्या दिशेने. माश्या सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे आणि संध्याकाळी तिसरीकडे जातात, असे मी सरळ लिहून टाकले होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर चूक लक्षात आली. फिरत होता तो सूर्य. डोंगरी जागची हलली नव्हती. पूर्वेच्या डोंगरीकडे जायचे तर सकाळी सूर्याच्याच रोखाने जायचे, म्हणून वर. फेब्रुवारीत आमच्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिणेकडे तोंड केले की पूर्व डाव्या हाताला, म्हणून डावीकडे. संध्याकाळी सूर्य समुद्रावर, त्याच्याकडे पाठ करून जायचे, म्हणून खाली. एकाच काजूच्या झाडाचा पत्ता दिवसभर घड्याळाच्या उलट्या काट्यासारखा पोळ्यावर फिरत होता आणि अंधारात बसलेल्या कोणालाही त्याचा घोळ होत नव्हता.

वहीतल्या नोंदी वाढल्या तशी दुसरी गोष्ट उमटली. चार महिन्यांत मी २१२ नाच नोंदवले. ते सगळे एका वर्तुळावर मांडले तेव्हा वर्तुळाचा पश्चिमेचा अर्धा भाग कोराच राहिला. त्यात जेमतेम नऊ रेषा आणि त्याही आखूड, आमच्या माडांच्या बागेपुरत्या. त्यापलीकडे समुद्र. माझ्या वहीत माश्यांनी आमची किनारपट्टी काढून दिली होती. शाळेत मी ती शेकडो वेळा खडूने फळ्यावर काढली असेन, वेंगुर्ल्याचा बारीक बाक विसरून.

मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि विहिरीच्या काठाला उभी केलेली काठी स्वतःच्या सावलीवर उभी राहते. डोक्यावरच्या सूर्याला दिशा कुठली? त्या दिवसांत बाराच्या सुमारास वळलेल्या पोळ्यावर मला एकही धड नाच दिसला नाही. बाहेरून आलेल्या माश्या नुसत्या दाटीत मिसळून जात. मग पुढच्या आठवड्यांत दुपारचा सूर्य आमच्या उत्तरेला सरकला, आणि मी ज्याची वाट पाहत होते ते झाले. डोंगरीचा पत्ता आता दुपारी उजवीकडे पडू लागला. काटा सुलटा फिरू लागला होता. काजूचा मोहर केव्हाच संपला होता, वर दुसरेच काही फुललेले असावे. मी चढून पाहायला गेले नाही, गुडघे तयार नव्हते. पण त्या दुपारी मी एकटीने, माजघरात, टाळी वाजवली. टाळीचा धक्का काचेला बसला आणि आठही पोळ्यांवरून ‘स्स्स’ची लाट गेली.

रात्रीचे पाहणे निराळे. जानेवारीतल्या पहाटे, अंगावर शाल घ्यावी लागे तेव्हा, मी तळहात काचेवर फिरवी. कडेची काच गार, मधली ऊबदार, जवळजवळ अंगाइतकी. अंडी-अळ्या असतात त्या भागात माश्या तापमान ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून. त्यामुळे जे गल्ल्यांच्या अंधारात मला दिसत नव्हते, ते हाताला कळे: आज पिल्लांचा विस्तार इथपासून इथपर्यंत, परवापेक्षा दोन बोटे जास्त. उन्हाळ्यात उलटे काम. दुपारी विहिरीजवळच्या दोणीवर माश्या रांगेने पाणी पीत आणि ते घरात नेऊन पसरत, आणि भोकाशी पाच-सहा जणी जागच्या जागी उभ्या राहून पंखांनी वारा घालत. मेलिफेरा माशी अशा वेळी दाराकडे तोंड करून आतली हवा बाहेर ओढते. सातेरी नेमके उलट करते: तोंड बाहेर, पाठ घराकडे, आणि ताजी हवा आत ढकलते. हे वाचले तेव्हा विश्वास बसला नाही, म्हणून भिंग घेऊन परसात गेले. सगळ्या जणी खरोखरच डोंगरीकडे तोंड करून उभ्या होत्या.

त्याच भोकाशी एप्रिलमध्ये एक गांधीलमाशी येऊ लागली. ती हवेत तरंगत राही आणि परतणारी माशी झडप घालून नेई. तिसऱ्या दिवशी ती लोभाने भोकाच्या फारच जवळ उतरली आणि क्षणात माश्यांच्या गोळ्यात नाहीशी झाली. लिंबाएवढा तो गोळा चिऱ्यावरून घरंगळत खाली पायरीवर पडला आणि तिथेच धुसफुसत राहिला. डंख मारणे हा त्यांचा उद्देश नव्हता. तिच्या कवचावर डंखाचा फारसा उपयोगही होत नाही. त्या अंग थरथरवून तिला भाजत होत्या. सातेरीच्या जपानी बहिणी हेच करतात, आणि गोळ्याच्या आतले तापमान ४६ अंशांच्या आसपास जाते, असे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये मोजून दाखवले. गांधीलमाशीला ते सोसत नाही, माश्यांना सोसते. अंतर थोड्याच अंशांचे आहे. अर्ध्या तासाने गोळा विरला. गांधीलमाशी पाय आखडून पडली होती. तिच्याशेजारी दोन सातेरीही मेलेल्या होत्या.

मग पाऊस आला. कोकणातला पाऊस सांगण्यात अर्थ नाही. पुढचे पंधरा दिवस माश्या भोकाच्या आत बसून होत्या. उघडीप मिळाली की शंभर-दोनशे बाहेर पडत आणि बहुतेक रिकाम्या परत येत. पावसाळ्यात सातेरी पाळणारे पेटीत साखरेचा पाक ठेवतात. मी भोकाखाली पाकाची वाटी ठेवली, तिला मुंग्या लागल्या. तळहाताला लागणारी ऊब आठवड्याआठवड्याने आकसू लागली. जुलैत उजव्या कोपऱ्यातल्या पोळ्याच्या खालच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बोगदे दिसले: मेणपतंगाच्या अळ्या. भरलेल्या घराला त्यांचे भय नसते, माश्या त्यांना ओढून बाहेर टाकतात. हे घर तेवढे भरलेले राहिले नव्हते. मला पाहवले नाही. २४ जुलैला दुपारी उघडीप होती, मी सुताराला बोलावले, काच काढली आणि तो कोपरा सुरीने कापून टाकला. काम दहा मिनिटांचे होते, पण दिवसाउजेडी होते, आणि हात माझा थरथरत होता. दोन डंख बसले. काच पुन्हा बसवली. आपण योग्य तेच केले, असे मी रात्री वहीत लिहिले आहे. अक्षर सुवाच्य आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे घर शांत होते आणि मला ते बरे वाटले. घरे एकेक करून रिकामी होत होती, कोषातून माश्या बाहेर येत होत्या आणि नवे अंडे कुठे दिसत नव्हते. मी म्हटले, पावसात राणी विश्रांती घेत असेल. १४ ऑगस्टला सकाळी कडक ऊन पडले. साडेअकराच्या सुमारास माजघरातून भांडे ओतू जावे तसा आवाज आला. मी मागल्या दारी धावले. करंगळीएवढ्या भोकातून माश्यांचा दोर ओढल्यासारखा बाहेर येत होता, दहा-बारा मिनिटे तो तुटला नाही. विहिरीवर त्यांचा ढग दोनदा फिरला, घट्ट झाला, आणि मळ्यावरून डोंगरीच्या दिशेने निघून गेला. समुद्राकडे अर्थातच नाही.

काच काढून पाहिले तर आठही पोळी झाडून पुसून ठेवल्यासारखी होती. एक अंडे नाही, एक अळी नाही, मधाचा एक थेंब नाही. काही घरांत वाळलेले पराग आणि कोपऱ्यात पुन्हा तेच पांढरे बोगदे. सातेरी दुष्काळात घर सोडते तेव्हा बहुधा अशीच सोडते, हे मी नंतर वाचले. अंडी घालणे आधी थांबते, असलेली पिल्ले मोठी होऊ देतात, उरलेला मध पोटात भरून घेतात आणि मग निघतात. कामकरी माशीला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सातेरीत साधारण वीस दिवस लागतात. मी वहीची पाने मागे उलटून दिवस मोजले. १४ ऑगस्टपासून मागे वीस दिवस मोजले की २५ जुलै येते. पाऊस होता, उपासमार होती, पतंग होते. त्यांच्याकडे कारणांची कमतरता नव्हती. पण शेवटचे अंडे पडले ते मी काच काढली त्याच्या आगेमागे. हा निर्णय कोणी घेतला, हे मी सात महिने काचेसमोर बसूनही सांगू शकत नाही. तो घेतला जात असताना मात्र मी खुर्चीत होते, चहा घेत होते, आणि मला तो शांतपणा वाटला होता.

पोळी मी कापून घेतली. वळलेले पोळे वेगळे ठेवले. त्यावरची ओळीने दहा घरे मोजली ती त्रेचाळीस मिलिमीटर भरली. बाकीचे वितळवून गाळले तेव्हा सगळे मेण पाऊण किलोही भरले नाही. ते मोजण्याच्या वेळी काकांनी एकदा ‘तेव्हाच म्हव काढला असता’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि मग माझ्याकडे पाहून विषय बदलला.

गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला तेव्हा, मागच्या भिंतीच्या दर्जा भरून घ्यायच्या ठरल्या. गवंडी तळापासून भरत भरत फडताळाच्या बाहेरच्या बाजूला आला आणि थापी हातात धरून थांबला.

“बाई, ह्यां भोक बुजवूक होया मां?”

“नको. तां तसांच रवांदे.”

त्याने भोकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि किती मोठे ठेवायचे ते विचारले. मी करंगळी दाखवली. त्याने कुंपणातली एक कामठी तोडली, पुन्हा माझ्या करंगळीशी ताडून पाहिली, भोकात आरपार घातली आणि तिच्या भोवती सिमेंट लिंपले. ओले आहे तोवर हात लावू नका, उद्या सकाळी फिरवून काढा, असे सांगून तो पुढच्या चिऱ्याकडे वळला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कामठी हळूहळू फिरवत बाहेर ओढली, भोकाच्या कडेची सुटी वाळू फुंकून टाकली, आणि माजघरात जाऊन आतून पाहिले. फडताळाच्या तळाला पूर्वेच्या उन्हाचा एक ठिपका पडला होता.